तीन पळ्या पाणी

बासरच्या गोदातीरी वास करणाऱ्या वाग्देवीस वंदन. तिच्यासमोर मी पाटीवर पहिले अक्षर गिरवले. अग्नीस वंदन. त्याच्या उष्णतेचे मोजमाप करून मी आयुष्यभर माझा संसार चालवला. प्रसंग असा की येत्या माघात माझे सहस्रचंद्रदर्शन योजले आहे. चिरंजीव श्रीधर त्या निमित्ताने एक लहानशी पुस्तिका छापणार आहे, आणि तिच्यासाठी त्याने माझ्याकडून चार आठवणी मागितल्या. चार नाहीत. एकच आहे. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही — पत्नीला नाही, मुलांना नाही. देवघरात एकटा बसलो असतानाही मी ती मनातल्या मनात पूर्ण वाक्यात उच्चारलेली नाही. वाक्य अर्ध्यावर आले की मी जपाची माळ पुढे ओढत असे.

तुम्ही त्या दिवशी आदिलाबादच्या आमच्या घरी याल, पानावर बसाल, मला नमस्कार कराल. मी आशीर्वाद देईन. त्याआधी हे तुमच्या हाती पडावे, एवढ्यासाठी लिहितो.

माझा जन्म तामसीकडच्या एका लहान गावचा. वडील भिक्षुकी करीत. संस्कृत मी बासरला, वडिलांच्या मामांच्या घरी राहून शिकलो. पुढे विज्ञान शिकलो आणि गोदावरीलगतच्या कोळशाच्या पट्ट्यात, खाणींच्या प्रयोगशाळेत रसायनज्ञ म्हणून लागलो. तेव्हा जिल्हा अखंड होता. आता त्या खाणी नकाशावर दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या आहेत, पण माझ्या मनात त्या अजून आदिलाबादच्याच आहेत. नोकरी लागल्याचे सांगितले तेव्हा वडिलांनी हातातली पोथी मिटली. मग म्हणाले, "रोज अग्नी पेटवायचा आहे ना तुला तिथे? मग ती सेवा समज." त्यांच्या या वाक्याला मी फार मोठा अर्थ दिला. त्या अर्थाच्या आड पुढे मी काय काय लपवले, ते सांगायचे आहे.

आधी काम सांगतो, कारण ते समजल्याशिवाय दोष समजणार नाही. खाणीतून कोळशाचा नमुना येतो. तो दळतात, चाळतात, वाळवतात. त्यात ओलावा किती, जाळल्यावर राख किती, हे पाहतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो जळताना उष्णता किती देतो, हे मोजतात. त्यासाठी चिमूटभर कोळसा एका जाड पोलादी डब्यात बंद करतात. त्या डब्याला आम्ही बॉम्ब म्हणत असू. त्यात दाबाने प्राणवायू भरतात, डबा पाण्याच्या बादलीत बुडवतात आणि विजेच्या ठिणगीने आत कोळसा पेटवतात. बाहेर ना धूर, ना ज्वाळा. फक्त बादलीतले पाणी दोन-तीन अंश तापते. ते किती तापले, यावरून कोळशाचा दर्जा ठरतो.

यात एक गोष्ट निसटू देऊन चालत नाही. बादलीतले पाणी नेमके दोन हजार ग्रॅम असले पाहिजे. जास्त झाले तर तितक्याच उष्णतेने ते कमी तापेल, आणि चांगला कोळसा हलका ठरेल.

हे पाणी तोलण्याचे काम साहाय्यकाचे. आमच्याकडे दोन साहाय्यक आळीपाळीने येत. एक नरसय्या, तेलुगू भाषिक, वयाने माझ्याएवढा. दुसरा उद्धव वाठोरे. तो आमच्याच सीमेकडच्या एका गावचा, मराठी बौद्ध घरातला. आईवडील दुसऱ्यांच्या कापसात राबलेले. हा मात्र नोकरी सांभाळून, पत्रद्वारा शिकून, रसायनशास्त्राची पदवी मिळवण्याच्या बेतात होता. खात्याची परीक्षा दिली की तो विश्लेषक होणार, हे सर्वांना ठाऊक होते. तेव्हा त्याचे वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस.

त्याच्या हाताला विलक्षण स्थैर्य होते. मोठ्या तराजूच्या एका पारड्यात बादली ठेवून तो पाणी ओती आणि शेवटचे थेंब पिचकारीने एकेक सोडी. काटा मध्यावर येऊन थांबेपर्यंत श्वासही जपून घेई. तापमापकाची काच अतिशय नाजूक होती. तिला तो "आमच्या सासूबाई" म्हणत असे. "सर, हलू देऊ नका, तापल्या का दिवसभर उतरत नाईत." मी हसत असे. त्याला मी स्वतः पुष्कळ शिकवले. द्रावणे कशी करावी, नोंद कशी लिहावी, दोन वाचनांत फरक आला तर स्वतःवर आधी संशय कसा घ्यावा. तो मला सर म्हणे, मी त्याला एकेरीने हाक मारी, आणि पाहणाऱ्याला वाटे की काय हा गुरुशिष्यांचा स्नेह.

मी टाळतो आहे, हे तुमच्या ध्यानात आले असेल.

माझ्या टेबलाच्या खणात एक तांब्याचा गडू आणि संध्येची पळी असे. गडूत बासरहून आणलेले गोदावरीचे पाणी. बॉम्ब बंद करून झाला, बादली तोलून टेबलावर आली, की मी ठिणगी देण्यापूर्वी त्या पाण्याचे प्रोक्षण करीत असे. तीन पळ्या पाणी बादलीत, मंत्र म्हणून. अग्नीची सेवा आहे, तिचे पात्र शुद्ध असावे, असे मी स्वतःला सांगत असे. वडिलांचे वाक्य होतेच हाताशी.

पण मी प्रत्येक बादलीत प्रोक्षण करीत होतो का?

नाही. नरसय्याने पाणी भरले असेल त्या दिवशी खण उघडण्याची मला आठवणही होत नसे. यंत्र प्रमाणित करण्यासाठी पाणी मी स्वतः भरीत असे, तेव्हाही नाही. केवळ उद्धवच्या पाळीला. "जा, पुढचा नमुना घेऊन ये," असे सांगून मी त्याला दाराबाहेर पाठवीत असे, आणि तो गेला की गडू बाहेर निघे. अग्नी तर रोज तोच होता. बादली तीच. मग शुद्ध कशाला करीत होतो मी?

तीन पळ्या म्हणजे सुमारे वीस ग्रॅम पाणी. मी रसायनज्ञ होतो. अर्ध्या ग्रॅमची चूक दिसली तर साहाय्यकाला बोलत असे. वीस ग्रॅमने उत्तर बदलते, हे मला माहीत नव्हते असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? मला पळीचे माप माहीत होते आणि तराजूचेही. ही दोन ज्ञाने मी एकमेकांसमोर कधी येऊ दिली नाहीत, एवढेच. मनुष्याला असे करता येते. मी वर्षाहून अधिक काळ केले.

मग एक विचित्र तक्रार आली. आमचा कोळसा घेणाऱ्या वीजकेंद्राने कळवले की तुम्ही सांगता त्यापेक्षा तुमचा कोळसा पुष्कळदा चांगला निघतो. कार्यालयात दोन दिवस हशा चालला होता. घेणाराच माल उंची आहे म्हणतो आणि विकणारा हलका सांगतो, असे कोणी पाहिले होते? पण खाणीच्या व्यवस्थापकांना हसू आले नाही. त्यांच्या खाणीचा कोळसा आमच्या कागदावर दर्जाने एक पायरी खाली गेला होता. लाखबंद राखून ठेवलेले नमुने तिसऱ्याच प्रयोगशाळेत गेले. उत्तर वीजकेंद्राच्या बाजूने आले.

आमचे मुख्य रसायनज्ञ हैदराबादकडचे, शांत आणि काटेकोर गृहस्थ. ते आमच्या नोंदवह्या घेऊन बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना हवे ते सापडले. चुकलेली वाचने वाटेल तशी विखुरलेली नव्हती. नरसय्याची सही असलेल्या दिवशी आकडे बरोबर. उद्धवची सही असलेल्या दिवशी सगळे थोडे कमी, आणि कमीही जवळजवळ सारख्याच प्रमाणात.

त्या वह्या त्यांनी माझ्यासमोर उघडून ठेवल्या, तो क्षण मला अजून दिसतो. पानाच्या उजव्या कडेला उद्धवची वळणदार सही, आणि तिच्या शेजारी आकडा. पुन्हा सही, पुन्हा आकडा. ते पान म्हणजे माझे मन कोणी रकाने आखून लिहून काढावे तसे होते. मी भक्ती म्हणत होतो त्याचे खरे नाव त्या पानावर होते. ते वाचू शकणारा त्या खोलीत मी एकटा होतो.

त्याच दुपारी मी गडू घरी नेला.

हे वाक्य मी किती सहज लिहिले. पण याहून नीच कृत्य माझ्या हातून झालेले नाही, म्हणून ते उलगडून सांगितले पाहिजे. चौकशी अजून सुरूही झाली नव्हती. मी गडू घरी नेला, आणि दुसऱ्या दिवसापासून उद्धवचीही वाचने बरोबर येऊ लागली. साहेबांनी हे पाहिले आणि त्यांचा निष्कर्ष पक्का झाला. संशय आपल्यावर आला हे कळताच मुलगा नीट काम करू लागला, म्हणजे आधी हलगर्जी त्याचीच. मी प्रोक्षण चालू ठेवले असते, तर तपासात कोणीतरी पाणी पुन्हा तोलले असते आणि सत्य बाहेर आले असते. मी थांबलो, आणि माझ्या थांबण्याने त्याच्याविरुद्धचा पुरावा तयार झाला. थांबताना मला हे समजत होते का? समजत होते. थोडेसे. पुरेसे.

चौकशी उष्णतामापनाच्या खोलीतच झाली. वाऱ्याच्या झुळकेने तापमान बदलू नये म्हणून त्या खोलीला खिडकी नव्हती, दार लावून घेत. आत साहेब, दोन अधिकारी, नरसय्या, उद्धव आणि मी. उद्धवला सर्वांसमोर तीन वेळा बादली भरायला सांगितले. तिन्ही वेळा काटा मध्यावर. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "देखो शास्त्रीजी, सामने रहे तो बराबर. पीछे क्या करता, किसको मालूम."

किसको मालूम. मी बादलीकडे पाहत होतो.

नरसय्या मधेच बोलला. त्याला कोणी विचारले नव्हते. आपल्या तुटक मराठीत आणि तेलुगूत मिसळून तो म्हणाला, "सार, उद्धव मंची मनिषी. असा करत नाई तो." चांगला माणूस आहे, एवढेच त्याला सांगायचे होते. साहेबांनी हाताने त्याला थांबवले. मग विचारले, "शास्त्रीजी, आपका क्या कहना है?"

 उद्धवने एकदाच माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात विनवणी नव्हती, भीतीही नव्हती. शाळेत बरोबर उत्तर ठाऊक असलेला विद्यार्थी गुरुजी ते फळ्यावर लिहितील म्हणून वाट पाहतो, तसे ते पाहणे होते. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. खरे म्हणजे मी तो लावून घेतला नाही.

मी काय म्हणालो? खोटे बोललो नाही, असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो. मी म्हणालो, "नोंदी आपल्यासमोर आहेत." बस्स, इतकेच. मुलगा हुशार आहे असे म्हणालो नाही. त्याचे पाणी मी अनेकदा पाहिले आहे असे म्हणालो नाही. त्या तीन शब्दांत असत्य एक अक्षराचेही नव्हते, आणि माझ्या सत्यवचनाची ख्याती खाणीच्या साऱ्या वसाहतीत होती. एवढ्या ख्यातीच्या माणसाने जर त्याची बाजू घेतली नाही, तर निर्णय द्यायला साहेबांना आणखी काय हवे होते?

उद्धवला प्रयोगशाळेतून काढून रेल्वेच्या सायडिंगवर नमुने गोळा करायला पाठवले. परीक्षेचा अर्ज परत आला. त्याच्या सेवापुस्तिकेत 'मोजमापात निष्काळजी' असा शेरा पडला. असा शेरा असलेला माणूस विश्लेषक होत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे लोखंडाला हात लावता येत नाही. अशा उन्हात वाघिणींवर चढायचे, फावड्याने कोळसा काढायचा, पत्र्यावर त्याचा ढीग करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा चार करायचे, आणि शेवटी उरलेला मूठभर नमुना पिशवीत बांधून चिठ्ठी लावायची. पदवी त्याने त्याच वर्षी मिळवली. ती त्याच्या कधी कामी आली नाही.

आणि ती चिठ्ठी माझ्याकडे येत असे. मी निवृत्त होईपर्यंत, म्हणजे अठरा वर्षे. सकाळी टेबलावर पिशव्यांची रांग, प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर वाघिणीचा क्रमांक आणि खाली तेच वळणदार अक्षर — उ. वाठोरे. पिशवी उघडायची तर चिठ्ठी आधी हातात घ्यावी लागे. आता त्याच्या हातचा कोळसा मी जाळत होतो, पण कोळशाचे प्रोक्षण करावे असे मला कधी वाटले नाही. पाणी तेवढे लागत होते मला शुद्ध.

सांगता आले नसते का? रोज सांगता आले असते. पहिल्या आठवड्यात सांगितले असते तर मला बोल लागला असता, कदाचित बदली झाली असती. वर्षाने सांगितले असते तर वर्षभर गप्प का राहिलात, असे विचारले असते. पाच वर्षांनी सांगणे म्हणजे पाच वर्षांचा जाब. प्रत्येक दिवसाने दार थोडे अधिक बंद होत गेले, आणि ते बाहेरून कोणी लावीत नव्हते. याच काळात वसाहतीत माझा मान वाढत होता. लोक मुलांना अक्षरारंभासाठी माझ्याकडे आणीत, भांडणे मिटवायला बोलावीत. "शास्त्रीजी म्हणाले म्हणजे झालं," असे म्हणत. हा मान म्हणजे त्या बॉम्बसारखाच होता. आत काही पेटले तरी बाहेर दिसत नाही आणि आतल्याला बाहेर पडता येत नाही. ही तुलना मला फार आवडते, असे लिहिताना लक्षात आले. म्हणून ती खोडायला हवी होती. सायडिंगवरच्या उन्हात उभे राहायला मला कोणी पाठवले नव्हते. मी पंख्याखाली होतो.

इथवर सांगून मी थांबलो असतो, तर ही एका जुन्या दुर्बलतेची गोष्ट झाली असती. पण अजून एक सांगायचे राहिले आहे, आणि ते जुने नाही.

सहा वर्षांपूर्वी डोळ्यांच्या उपचारासाठी श्रीधर मला मोटारीने हैदराबादला नेत होता. इचोड्याला चहासाठी थांबलो. रस्त्यालगत ट्रकांची रांग, धाब्याबाहेर बाकडी. श्रीधर टायरमध्ये हवा भरून घ्यायला पलीकडे गेला. मी बाकावर बसलो असताना कोणीतरी समोर येऊन हात जोडले. केस पांढरे, चेहरा उन्हाने कायमचा काळवंडलेला.

"नमस्कार सर. वळखलं का? उद्धव."

ओळखले. आवाज ऐकताच ओळखले. तो नुकताच निवृत्त झाला होता. मुलगी शिक्षिका आहे, आदिलाबादेत घर बांधले आहे, आता इथून बसने तिकडेच निघालो आहे, असे त्याने सांगितले. माझ्या डोळ्यांची चौकशी केली. चहा मागवला. मग कपातली साय बोटाने बाजूला करीत, माझ्याकडे न पाहता तो बोलू लागला. त्याचे शब्द मी जसेच्या तसे लिहितो, कारण गेली सहा वर्षे मी दुसरे फारसे काही ऐकलेले नाही.

"सर, एक इचारू? रागवू नका. त्या बादलीतलं पाणी मी मागून तोललो होतो. तुमी साहेबाकडे गेले असताना, तीन खेप. एकोणीस ग्राम जास्त, मग बावीस, मग वीस. खणातला गडूबी पाह्यलो होतो."

मी विचारले नाही की मग चौकशीत का बोलला नाहीस. त्याने आपणहून सांगितले.

"म्हणलं, सर सांगतीन. सारी कॉलनी म्हणे, शास्त्रीसर खोटं बोलत नाईत. मी काऊन सांगू? सरच सांगतीन."

 एक ट्रक हॉर्न देत गेला.

"तुमी पाणी घालत होते, ते मले माहीत हाय. पण काऊन घालत होते, सर? तेवढं तुमच्या तोंडून ऐकाचं होतं."

काऊन, का घालत होतो, हे त्याला ठाऊक नव्हते, असे तुम्हाला वाटते का? त्याच्या घराण्याने हेच पाणी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले. त्याला कारण नको होते. मी ते उच्चारावे, एवढेच हवे होते. आरोप नाही, रागही नाही. अख्ख्या आयुष्याच्या बदल्यात एक वाक्य मागत होता तो. चौकशीच्या खोलीतले ते दार त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा उघडून धरले होते. आसपास साहेब नव्हते, वह्या नव्हत्या, गमावण्यासारखी नोकरीही नव्हती. ऐकणारा तो एकटा होता.

मी म्हणालो, "वय झालं रे उद्धव. मला आता काही आठवत नाही."

माझे हे वाक्य मात्र निखळ असत्य होते. पहिल्या वेळी मी सत्याच्या आड लपलो. या वेळी तेवढाही आडोसा घेतला नाही. आणि तो आडोसा मला लागला नाही, कारण समोरचा माणूस वाद घालणार नाही हे मला माहीत होते. त्याने कधीच घातला नव्हता.

उद्धवने माझ्याकडे पाहिले. मग मान हलवली. "बरोबर हाय सर. वय झालं." कप खाली ठेवला. मला ठसका लागला होता. त्याने पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढून पुढे केली, आणि मी प्यायलो. त्याच्या बाटलीला तोंड लावून, विनासायास, घटाघट. पाणी पाण्यासारखेच लागले. मग ते इतकी वर्षे मी कशासाठी आणि कशापासून शुद्ध करीत होतो?

श्रीधर आला. उद्धवने मोटारीचे दार उघडून मला आत बसवले आणि श्रीधरला म्हणाला, "सरांना पाणी पाजत जा दादा. ऊन लय हाय." मोटार निघाली. "कोण होते बाबा?" श्रीधरने विचारले. मी म्हणालो, प्रयोगशाळेतला जुना साहाय्यक. प्रयोगशाळेतला. तीही जागा मी त्याला फक्त बोलण्यापुरती परत दिली.

गेल्या वर्षी मी त्या कार्यालयाला पत्र लिहिले. अमुक काळातील वाचनांतील दोष माझा होता, श्री. वाठोरे यांचा नव्हता, तरी त्यांच्या सेवापुस्तिकेतील शेरा काढावा. उत्तर सभ्य भाषेत आले. त्या काळच्या नोंदवह्या मुदत संपल्याने नष्ट केल्या आहेत, आता पाण्याचे वजन यंत्रच करते, कळावे. म्हणजे दोष लिहिलेली वही गेली आणि शेरा तेवढा राहिला.

म्हणून हे इथे लिहिले. श्रीधरने काल मसुदा वाचला. बराच वेळ ओसरीवर फेऱ्या घातल्या. मग म्हणाला, "बाबा, त्या दिवशी लोक जेवायला येणार आहेत." मी म्हणालो, जेवण आहेच. पण पुस्तिकेत याखेरीज दुसरे काही नको, माझे छायाचित्रही नको. आणि त्या दिवशी बासरहून आणलेल्या पाण्याने मला अभिषेक करायचे ठरले आहे, तोही नको. ते पाणी गोदावरीत परत सोडावे. तिच्या पाण्याने मी जे केले, त्यात तिचा काही दोष नव्हता.

पहिली प्रत टपालाने उद्धवकडे जाईल. तिच्यासोबत चिठ्ठी नसेल, उत्तराची अपेक्षा नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर तेवढे असेल, इचोड्याला द्यायचे होते ते, आणि त्याआधी त्या बिनखिडकीच्या खोलीत सर्वांसमोर द्यायचे होते ते.

उद्धव, ते पाणी तू भरले होतेस, म्हणून. दुसरे काहीही कारण नव्हते. तू तोलले होतेस ते नेमके दोन हजार ग्रॅम होते.

आणि वाचकहो, माझे हात आशीर्वादाला उठावेत असे राहिलेले नाहीत, तरी सवयीने उठतात, म्हणून जे मला साधले नाही तेच तुमच्यासाठी इच्छितो. तुमच्या घरी कोणाच्याही हातचे पाणी आले तरी ते तसेच प्यायले जावो. तुमच्या चुलीतला अग्नी सर्वांचे अन्न सारखेच शिजवो. तुमच्या मुलांना कोणी काऊन असे विचारले, तर त्यांना आठवो, आणि त्याच क्षणी बोलता येवो.